चार बोटे काच उतरविल्याची हकीकत

श्री. टाकी भरलेली असो, चाकांत हवा असो, पाठ ताठ असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत, ते समयीचे हे वर्तमान. घडले तैसे लिहिले आहे. कोठे मीठमसाला जास्त पडला असल्यास तो लिहिणाराचा हात सैल म्हणोन पडला, बातमी खोटी म्हणोन नव्हे.

कोणे एके राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस परवानगी नाही, मोटारसायकलस्वारांची एक दौलत होती. तीस तट नाही, बुरूज नाही, दर रविवारी सकाळी हमरस्त्याच्या कडेस चहाच्या टपरीवर दरबार भरे आणि कांदाभजी खाऊन बरखास्त होई. गादीवर सरदार निळोजीराव ढमाले, वय वर्षे चौपन्न, मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. मुलखातील टोलनाक्यांवर दुचाकीस जकात माफ, परंतु सरदार नाक्यावरून जाताना मान अशी वळवीत की जणू ती माफी खास त्यांचेच नावे लिहिली आहे. आणि या दौलतीत मानाची रीत अशी की ज्याचा हुद्दा थोर त्याचे गाडीपुढील काच उंच, जीस दुकानदार विंडशील्ड म्हणतात. नवख्या शिलेदारास वीतभर, जुन्यास दीड वीत, आणि सरदारांची सव्वा हात, कपाळाच्याही वर. हा मापदंड कारभारी विठोजी दुर्गे यांनी बसविला होता, कारण कारभाऱ्यांस सरदारांचे कोणतेही काम लहान मापात सुचत नसे.

दरसाल भाऊबीजेस सरदार खासा स्वारी करून पूर्वसीमेस जात. तेथे संत्र्यांच्या मुलखात त्यांची धाकटी बहीण सगुणाबाई दिली होती. अंतर दोनशे वीस कोस, आणि सरदारांचा बाणा असा की एका दिवसात गाठायचे, गाडी पिटाळायची आणि पायउतार व्हायचे ते फक्त पेट्रोलसाठी. मग पहाटे निघालेला सरदार दिवेलागणीस पोहोचे तो सरदार नसेच, पिळून दोरीवर टाकलेला पंचा असे. दिवसभर वाऱ्याने गुद्दे मारलेले, मान आखडलेली, डोळे लाल, आणि कानांत अशी शिट्टी की माणसांचे बोलणे विहिरीच्या तळातून आल्यासारखे वाटे. सगुणाबाई पाटावर बसवून ओवाळी आणि ओवाळता ओवाळता हळू आवाजात काही बोले. सरदारांस ओठ हलताना दिसत, शब्द पोहोचत नसत, आणि बहीण बोलते म्हणजे मायेचेच बोलणार ऐसे समजोन ते "हो हो" म्हणत, ओवाळणी तबकात घालीत आणि पाटावरच मान टाकीत. दुसरा दिवस घोरण्यात जाई, तिसरे दिवशी पहाटे परत कूच. ऐशी अकरा वर्षे गेली.

बारावे वर्षी भाद्रपदात सगुणाबाईचा खलिता मोबाईलवर आला तो येणेप्रमाणे: "दादा, यंदा येऊ नकोस. दरसाल मी भावाला नाही, घोरण्याला ओवाळते. अकरा वर्षं एकच गोष्ट मागते आहे आणि अकरा वर्षं तू हो हो म्हणून झोपतोस. काय मागते ते आठवत असेल तर ये. नसेल आठवत तर एसटीने ये, जागा तरी राहशील."

सरदारांनी खलिता तीन वेळा वाचला. आठवून आठवून काही आठवेना. शेवटी लाज गिळून फोन लाविला आणि म्हणाले, "सगू, काय मागतेस ते फोनवर सांग की. आत्ता आणून देतो."

"फोनवर नाही. समोर बसून, कान उघडे ठेवून ऐक," असे म्हणोन तिने फोन ठेविला.

आता एसटीने जावे तर स्वारांच्या दौलतीचा धनी खिडकीशी बसून तिकीट काढताना दिसणार, म्हणजे गादी सोडल्यासारखेच. आणि गाडीवर जावे तर पुन्हा तेच घोरणे. परंतु खरे बोलायचे तर सरदारांस गादीहून जास्त ती एक ओळ टोचत होती, की अकरा वर्षे मागते आहे. ही तीच सगू, जिला लहानपणी सायकलच्या कॅरिअरवर बसवून त्यांनी रोज शाळेत नेले होते. मग रविवारी मसलत भरविली. कारभारी उठोन बोलिले, "सरकार, शत्रू वारा आहे. काच आणखी उंच करावी, वारा डोक्यावरून निघून जाईल." सर्वांनी वाहवा केली, आणि आठ दिवसांत पुरती दीड हात काच बसली. ती दुरून पाहता घोड्यावर देव्हारा ठेविल्याचा भास होई. सरदार तीवर चाळीस कोस फिरोन आले आणि उतरले, तो डोके नंदीबैलासारखे हलतच राहिले. कारभाऱ्यांनी विचारिले, "बरे वाटले ना, सरकार?" आणि डोके हलतच होते म्हणोन कारभाऱ्यांनी होकार समजोन पेढे मागविले.

तेव्हा टपरीच्या बाकावरून कोणी मोठ्याने हसले. तो गेनू वाघचौरे, पेशाने जासूद, म्हणजे निरोप-सामान पोचविणारा, वय वर्षे साठ, जुनी लहानशी गाडी घेऊन गावोगावच्या दवाखान्यांत औषधे पोचवी. रोज साठ-सत्तर कोस तुडवी आणि संध्याकाळी भजनात पखवाज वाजवी, आणि कोणी त्यास दमलेला पाहिला नव्हता. कारभारी लाल होऊन म्हणाले, "जासुदाने सरदारांस हसावे?" परंतु सरदारांनी हात वर केला आणि विचारिले, "गेनूबुवा, का हसला?"

"हसू नगं तर काय, सरकार. वाऱ्याला तुम्ही दार लावलं, त्यो माडीवरनं आत उतरला. काचंवरनं घसरतोय आन मागं गरगरून तुमच्या डोक्याला टपल्या मारतोय. सरळ अंगावर आलेला वारा परवडला, ह्यो भोवरा न्हाई परवडत."

"कशावरून?"

"डोळ्यांनी दावतो," म्हणोन गेनूने टपरीवाल्याच्या बायकोकडून लोकरीचे लाल धागे मागोन घेतले, चिकटपट्टीने काचेच्या कडेस आणि सरदारांच्या हेल्मेटास चिकटविले, आणि कारभाऱ्यांस शेजारून गाडी चालवीत धाग्यांकडे पाहावयास सांगितले. दोघे हमरस्त्यावर कोसभर दौडले. काचेवरचे धागे मागे झोपून शांत होते, आणि हेल्मेटावरचे सगळे पिसाळल्यासारखे चहूकडे नाचत होते. कारभाऱ्यांनी परत येऊन ते तसेच सांगितले. गेनू बोलिला, "काच कापा. कड नाकाच्या शेंड्याशी यायला पायजे. तुम्ही तिच्यावरनं बघायचं, तिच्यातनं न्हाई."

आता दौलतीत काच कापणे म्हणजे पगडी उतरविणेच. पाऊण दरबाराने माना खाली घातल्या आणि कारभाऱ्यांच्या डोळ्यांस पाणी आले. सरदारांनी मिशीस एक पीळ दिला आणि ते म्हणाले, "जुनी काच आणा आणि करवत आणा." मग टपरीच्या टेबलावर सव्वा हाताची काच आडवी घालोन गेनूने दोन बोटे कापिली, पुन्हा धागे, पुन्हा दौड, पुन्हा दोन बोटे. चार बोटे उतरली तेव्हा धागे गुण्यागोविंदाने मागे वळले, आणि सरदारांस खांद्यांवर वारा लागला परंतु डोके जागेवर राहिले.

गेनू तितक्यावर थांबला नाही. सरदारांचे जाकीट ढगळ, वाऱ्यात फडफडे, आणि ती फडफड दिवसभर दंड ओढी, म्हणोन सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापोन त्याने दंडास आणि कमरेस आवळल्या. मग औषधांच्या पिशवीतून स्पंजचे दोन बोळे काढिले. सरदार दचकले, "कानात बोळे घालून चालवू? बहिरा होऊन?"

"हॉर्न ऐकू येतो, मागची गाडी ऐकू येती. नुस्ता वाऱ्याचा घोंघाट जातो. आज कान झाका, म्हंजी संध्याकाळी ते तुमचे राहत्याल. आन पंचवीस कोस झालं की उतरायचं. पाणी प्यायचं, दहा मिन्टं चालायचं. आन हँडल म्हशीच्या वेसणीगत आवळू नगा, हलकं धरा."

"खासा स्वारी वाटेत उतरत नाही," कारभारी पुटपुटले.

"मग खासा स्वारी पाटावर झोपती," गेनू म्हणाला, आणि सरदारांनी त्या दिवशी कारभाऱ्यांस पुढे बोलू दिले नाही.

कार्तिक शुद्ध द्वितीयेस, तांबडे फुटायच्या आधी सरदारांनी कूच केले. तासास पंचवीस कोसांचा वेग धरिला आणि दर पंचवीस कोसांस खरोखर उतरले. पहिल्या दोन मुक्कामांस त्यांस लाज वाटली, तिसऱ्यास भूक लागली, आणि चौथ्यास बांधावर उभे राहून कापसाच्या शेतात पाखरे पाहिली, जी अकरा वर्षे त्या वाटेवर होती आणि त्यांस दिसली नव्हती. दुपारी माळावर समोरून वारा उठला. तेव्हा परमुलखीचे चार स्वार उंच काचा मिरवीत, सरदारांच्या तुटक्या काचेस हसत भरधाव पुढे गेले. सरदारांची मूठ शिवशिवली, रक्त उसळले, परंतु सगूचा खलिता आठवला आणि मूठ सैल सोडली. तीस कोसांवर ढाब्याच्या बाजांवर तेच चौघे उताणे पडोन घोरताना आढळले. सरदारांनी त्यांच्याशेजारी बसोन ताक घेतले आणि आवाज न करिता निघाले.

उन्हे उतरता स्वारी पूर्वसीमेस पोहोचली. बहिणीचे यजमान दाजी ओसरीवर उभे होते, आणि दरसालच्या सवयीने त्यांनी गादी टाकूनच ठेविली होती. ते चकित होऊन बोलिले, "काहून भाऊ, यंदा डोये उघडे हायेत तुमचे!"

सरदारांनी कानांतील बोळे काढोन डबीत ठेविले, हातपाय धुतले आणि पाटावर ताठ बसले. सगुणाबाईने कुंकू लाविले, अक्षता लाविल्या, भावाकडे पुरते न पाहता ओवाळू लागली आणि दरसालच्याच हळू आवाजात बोलली. सरदारांस पहिला शब्द ऐकू आला आणि शेवटलाही.

"दादा, मला एकदा तुझ्या गाडीवर मागं बसव. लांब नको. धरणापर्यंत."

भाद्रपदापासून सरदार, सगूने चंद्र मागितला असेल, जमिनीत वाटा मागितला असेल ऐसे काय काय मनात आणीत होते. सगुणाबाई म्हणाली, "सायकलवर न्यायचास तेव्हा म्हणाला होतास, मोटारसायकल घेतली की पहिली तूच बसशील. तू घेतलीस तेव्हा मी इकडे आले होते. मग वहिनी बसली, कारभारी बसले, गणपतीतला ढोलसुद्धा बसला. मी तेवढी राहिले."

सरदारांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या वेळी ओसरीवर वारा अजिबात नव्हता. ते म्हणाले, "उद्या सकाळी उठल्या उठल्या नेतो."

"उद्या नको. उद्या तू झोपशील. आत्ता चल."

मग सरदार उठले. दाजींचे हेल्मेट तिला घातले, तिने पदर गच्च खोचला, आणि सरदारांनी डबीतून बोळ्यांचा नवा जोड काढोन मोठ्या थाटात पुढे केला. "हे कशाला?" ती म्हणाली. "मला वारा ऐकायचाय." ते परत डबीत ठेवोन सरदारांनी गाडी काढिली. गावाबाहेर अर्धा कोस गेले तो मागून पाठीवर थाप पडली. "दादा, वारा कुठाय? तुझ्या त्या काचेनं आणि पाठीनं सगळा अडवलाय!"

सरदारांनी गाडी थांबविली, सीटखालून पाना काढिला, काचेचे चारही नट सोडिले आणि ती मानाची, मापाची, दरबारात घाम गाळून बेतलेली काच रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडास टेकवून ठेविली. मग अंमळ एका बाजूस कलून बसले, म्हणजे मागच्या स्वारास जागा होईल, आणि गाडी सोडिली. वारा आला तो सरळ छातीवर, खांद्यावरून मागे, आणि मागून सगुणाबाई हसली ती धरणापर्यंत हसतच राहिली. सरदारांच्या कानांत या वेळी शिट्टी नव्हती, म्हणोन त्यांस ते सगळे ऐकू आले. धरणाशी उतरावे तो ती उतरेना. म्हणाली, "आता जाताना जरा लांबून ने."

सारांश इतुकाच की चार बोटे काच उतरली, अकरा वर्षांचा एक हो खरा जाहला, आणि दौलतीत काचेचे माप नाकाशी आले. परतीस दोनशे वीस कोस होते म्हणोन सरदारांनी काच दगडापासून आठवणीने उचलोन नेली. बहिणीस लांबून न्यावे लागले त्यात किती कोस जास्त पडले, ते सरदारांनी मोजले नाहीत, सबब येथे लिहिले नाहीत.