चिंचोक्याची थाळी

देवरीला लग्नाला निघताना मी फ्रिजचा प्लग काढून ठेवला. तीन दिवस घर बंद, उगाच वीज कशाला जाळायची? माझ्या हातून शहाणपण क्वचितच घडतं, आणि घडलं की असं अंगाशी येतं. फ्रिजात शेजारच्या कापगतेभाऊंचा चिखल होता.

कापगतेभाऊंनी नोकरीभर आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या तलावांची पाळ, म्हणजे मातीचा बांध, तपासला. अजूनही चालता चालता मधेच खाली बसतात आणि पाळीला कान लावतात. "पाळ खोटं बोलत नाही भाऊ, मानूस बोलते." एकदा ते तापानं पडले, म्हणून तलावाची पातळी बघायला मी गेलो आणि वहीत 'अंदाजे' लिहून आलो. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांची मुलगी वैशाली कॅनडाच्या पार उत्तरेला असते. तिथं समुद्राला मिळण्याआधी नदीला ढीगभर फाटे फुटतात आणि काठांची माती बर्फानं जखडलेली असते. जग तापलं की त्या फाट्यांचं काय होणार, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडते. उन्हाळ्यात काठावर तंबू ठोकून मोजमापं घेते.

"काठ कसा खचते, हे कॉम्प्युटरले का माहीत?" म्हणून भाऊंनी इकडं स्वतःचं काम सुरू केलं. तलावाचा गाळ थाळीत थापायचा, गोठवायचा, मग सलाइनच्या नळीनं त्यावर कोमट पाणी सोडायचं. काठ वरून शाबूत दिसतो. खालून पाणी पोखरत जातं आणि एकाएकी अख्खा तुकडा बसतो. किती वेळात बसला, ते वहीत टिपायचं आणि फोनवरून वैशालीला कळवायचं. त्यांचा फ्रिज भरला, तेव्हा थाळ्या आमच्याकडे आल्या आणि बायकोचे मटार हद्दपार झाले.

आमच्याकडच्या एका थाळीवर मात्र भाऊ कधीच पाणी सोडत नसत. "तुलनेसाठी हाय." तिच्या काठावर एक चिंचोका रोवलेला. हे काय, विचारलं तर म्हणाले, "वैशूचा तंबू." आणि झाकण लावलं.

लग्नाहून परतलो तर फ्रिजखालून काळं पाणी वाहत होतं. भाऊंना बोलावलं. शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. त्यांनी थाळी उजेडात नेली. काठ बसला होता, चिंचोका गाळात आडवा पडला होता.

"प्लग किती वाजता काढला?"

"साधारण..."

"साधारण नोको सांगू." बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "चार दिस झाले, पोरीचा फोन नाही. लावून राहिलो, लागत नाही."

पुढचे दोन दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसून होतो. "रेंज नसेल," मी म्हणायचो. "हो," ते म्हणायचे. थाळी मांडीवरच. तिसऱ्या दुपारी फोन वाजला.

"बाबा, इकडं रेंजच नव्हती! थाळीतला माझा तंबू काय म्हणतो?"

भाऊंनी मांडीवर पाहिलं. "जागेवर हाय बेटा. पक्का." मग घाईघाईनं, "पन तू तंबू वीस पावलं मागं घे. आजच. काऊन, ते इचारू नोको."

"मागं दुसरा फाटा आहे, बाबा."

भाऊंनी थाळीच्या दुसऱ्या काठावर बोट ठेवलं. "मंग मधात ठेव."

वहीतला त्या दिवसाचा रकाना त्यांनी कोराच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवी थाळी घेऊन दारात उभे. चिंचोका तोच, या खेपेला अगदी मधोमध. बायकोनं काही न विचारता थाळी घेतली आणि आत सरकवली. भाऊ गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढच्या लग्नाले तुम्ही एकटेच जा. मी फ्रिजपाशी राहीन."