शंकासुराच्या बियांवरचा घातपात

"ज्याच्या नुसत्या खाकरण्याने गुन्हेगार कबुली देतात, असा माणूस तुझ्यासमोर उभा आहे," बाबा म्हणाले. ते बनियनवर उभे होते आणि हातात चहाचा चमचा होता. निवृत्तीपूर्वी ते दुकानदारांचे वजनकाटे तपासायचे. त्यानंतर त्यांनी स्वतःची गुप्तहेर म्हणून नेमणूक केली आणि मला सहायक केलं. तो शनिवार होता. रविवारी ते असणार नव्हते, पण हा तर्क त्यांनाही करता आला नव्हता.

प्रकरण गंभीर होतं. गटाराच्या कामात फाटकाजवळचं शंकासुराचं झुडूप उपटलं गेलं होतं. आईची नजर अजून तिथे जायची आणि रिकामी परत यायची. उरल्या होत्या मूठभर बिया. बाबांनी त्या सँडपेपरवर घासल्या, रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या, टम्म फुगल्यावर गॅलरीतल्या कुंड्यांत पेरल्या. एकही उगवली नाही.

"घातपात," बाबा म्हणाले. "पहिला संशय मुंग्यांवर. पण त्यांची रांग साखरेच्या डब्याकडे जाते."

"म्हणजे निर्दोष?"

"म्हणजे सराईत. दुसरा संशय वरच्या काकूंवर. त्यांच्या कपड्यांचं साबणाचं पाणी कुंड्यांत ठिबकतं."

"बाबा, शेंगा काकूंनीच वेचून आणून दिल्या."

"पुरावा स्वतः आणून द्यायचा, म्हणजे संशय येत नाही. जुनी पद्धत." त्यांनी चमचा माझ्यावर रोखला. "ऐक. परवा एका बीला मूळ फुटलं होतं. पांढरं, तांदळाएवढं. काल ते तुटलेलं. म्हणजे मातीत कोणीतरी घुसतंय."

आई आतून म्हणाली, "मूळ फुटलेलं तुम्हाला कसं कळलं?"

"पाहिलं."

"मातीच्या आत?"

बाबा खाकरले.

"आणि काल?"

"काल परत पाहिलं."

"कशाने?"

बाबांनी हातातल्या चमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तो कोणीतरी गुपचूप त्यांच्या हातात ठेवला असावा.

"आरोपीने हात धुऊन जेवायला यावं," आई म्हणाली.

बाजूला ठेवलेली एकच बी उरली होती. जेवणानंतर त्यांनी ती पेरली आणि उगवेपर्यंत कुंडीला हात लावणार नाही, असं आईला वचन दिलं. मी निघताना बाबा म्हणाले, "उद्या ये. लांबूनच पाळत ठेवू."

"बघते," मी म्हणाले.

पहाटे ते झोपेतच गेले. वचन पाळायला इतकं टोक गाठायची गरज नव्हती, असं माझ्या मनात आलं. बाबांना हा शेरा आवडला असता.

भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत कुंडीला पाणी घालत होत्या वरच्या काकू. मग एका सकाळी आईने मला गॅलरीत बोलावलं. मातीतून एक वाकडा हिरवा देठ वर आला होता आणि डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलं होतं.

"काढू का गं ते?" आईने विचारलं.

"नको. आपलं आपण पडू दे."

आई बराच वेळ बघत राहिली. मग डोळे पुसून चहा टाकायला आत गेली.

बाबा असताना मी दर शनिवारी कुरकुरत यायचे. घरी किती कामं पडली आहेत हे सांगायचे, सारखं घड्याळ बघायचे. बाबा म्हणायचे, सहायक नाइलाजाने आलेली आहे, याची नोंद घ्यावी.

मी कुंडीजवळ उकिडवी बसले.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मी आठवडाभर शनिवारची वाट बघायचे."