बिनकुलपाचं वायफाय

करणचा चेहरा टीव्हीवर अर्धवट तोंड उघडलेल्या अवस्थेत अडकला आणि सहादेवआप्पांनी कपाळाला हात लावला. दर रविवारी हेच. पोरगा जर्मनीत. त्याचं तोंड मोबाईलवरच्यापेक्षा मोठं दिसावं म्हणून आप्पांनी मोबाईलमधलं चित्र टीव्हीवर दाखवणारी काडी घेतली, तिच्यासाठी जुना राऊटर काढून नवा बसवला, आणि जुन्यावर निदान रांगणारं चित्र नव्यावर चक्क बसून राहिलं.

आप्पांना विचारायचं होतं एकच. बायकोचं, मनकर्णाबाईंचं, वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, त्याला करण येणार की नाही? साध्या फोनवरही विचारता आलं असतं, पण ते आप्पांना पटेना. आईच्या वर्षश्राद्धाचं लेकाला तोंड बघून विचारायचं असतं. फोनवर माणूस कुणीकडंही तोंड फिरवतो. म्हणून ते धुतलेली टोपी घालून टीव्हीसमोर बसायचे आणि विचारायचे, "येतूस ना रं?"

"आप्पा, मी..." एवढं म्हणून करण अडकायचा.

शनिशिंगणापुरात कुणाचं काहीही बिघडलं तरी निदान एकच असतं. ते आळीतल्या गहिनीनाथनं आप्पांच्या ओट्यावरून, मोबाईलमधून मान वर न काढता करून टाकलं. "साडेसाती हाय, दुसरं काय! राऊटर शनवारी बसवला हुता का?"

"न्हाई, शुक्रवारी."

"मंग उंचावर ठिवून बघा."

राऊटर कपाटावर चढला, तिथून देवळीत आला, मग मनकर्णाबाईंच्या फोटोशेजारी बसला. शेजारच्या कडूबाईंनी त्याची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, तेव्हा सगळ्या आळीला ठसका लागला, पण करण हलला नाही. आप्पांनी कंपनीत फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, बंद करून परत चालू करा. आप्पांनी ते इतक्यांदा केलं की राऊटरला चक्कर यायची तेवढी बाकी राहिली.

या सगळ्या वैतागात एकच बरं घडत होतं. मनकर्णाबाई गेल्यापासून आप्पांच्या ओट्यावर माणूस फिरकत नव्हता. चौकटीला दार नाही, मज्जाव कुणाला नाही, तरी आत येतंय कोण, तर कुत्रं. पण अलीकडे संध्याकाळ झाली की ओटा भरायचा. गावाला आपलं दुःख उशिरा का होईना कळलं, असं आप्पांना वाटलं आणि त्यांना भरून आलं. ते सगळ्यांना चहा करून पाजू लागले.

असाच चहा घेता घेता एकदा कडूबाई म्हणाल्या, "आप्पा, तुमचं वायफाय लई गुणाचं बरं का. माज्या चुलीपाशी बसून मालिका बघते, येकदाबी अडकत न्हाई."

आप्पांच्या हातातली किटली तशीच राहिली. त्यांनी ओट्यावर नजर फिरवली. एकूण एक मान खाली होती.

"तुमी समदे माज्याच वायफायवर हाय व्हय?"

"उघडंच हुतं की, आप्पा," गहिनीनाथ सरळ मनानं म्हणाला. "चोरी असती तर देवानं सोडलं असतं का आमाला?"

आप्पांना आपलेच शब्द आठवले. राऊटर बसवायला घोडेगावहून आलेल्या कल्याणनं पासवर्ड काय ठेवू असं विचारलं, तेव्हा तेच त्याच्यावर डाफरले होते. "आमच्या गावात घराला दार न्हाई, पेटीला कुलूप न्हाई, अन् मी हवेला कुलूप घालू? देवाला काय तोंड दावू?" कल्याण बिचारा हात जोडून निघून गेला होता.

आता आप्पांनीच त्याला बोलावलं. "घाल बाबा कुलूप," ते खाली बघत म्हणाले. पासवर्ड ठरला मनकर्णा. देवळात जाऊन त्यांनी शनिदेवाला तेल वाहिलं आणि माफी मागितली. संध्याकाळी त्यांनी नेहमीएवढा चहा टाकला, पण ओट्यावर कुणी आलं नाही. गहिनीनाथ रस्त्यानं गेला, मोबाईल एकदा वर धरून बघितला आणि राम राम करून पुढे सरकला. किटलीतला चहा आप्पांनी मोरीत ओतला.

रविवारी मात्र करण असा दिसला की गालावरचे तीळसुद्धा मोजून घ्यावेत. आप्पा हरखले. "येतूस ना रं आईच्या वर्षश्राद्धाला?"

"आप्पा, मी..." करण अडकला नाही. त्यानं फक्त नजर बाजूला वळवली. "मी नाही येऊ शकत. सुट्टीचं जमत नाहीये. भटजींसमोर मोबाईल ठेवा ना, मी इकडून हात जोडीन. आता नेट पण मस्त झालंय तुमचं."

"व्हय, मस्त झालंय," आप्पा म्हणाले.

टीव्ही बंद झाल्यावर ते बराच वेळ टोपी घालूनच बसून राहिले. घरात एवढं सुनं त्यांना मनकर्णाबाईंच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं. लेक येणार नव्हता, आणि ते किती स्वच्छ दिसलं होतं!

सकाळ होताच त्यांनी कल्याणला फोन लावला. "ते कुलूप काढ."

"आप्पा, परत अडकंल बघा!"

"म्हनून तर सांगतुया."

पुढच्या रविवारी ओटा गच्च भरला होता. कडूबाईंची मालिका ऐन रंगात होती आणि गहिनीनाथ कुस्ती बघत होता. आत आप्पांनी टोपी नीट केली आणि गेल्या वेळचं काही ऐकलंच नव्हतं अशा थाटात विचारलं, "येतूस ना रं?"

"आप्पा, मी..." आणि करण अडकला. ओठ उघडे, नजर समोर, आता हसेलच असा.

"आप्पा, अडकला का पुन्यांदा?" गहिनीनाथनं बाहेरून विचारलं. "बंद करू का आमी जरा?"

"नगं, बघा तुमी," आप्पा चहाचं आधण ठेवायला उठत म्हणाले. "येतोच म्हनत हुता."