सहा हजार सातशे तीस किलोमीटर, सरळ रेषेत

हिशेब करावा तर मीच! मोबाइल मला कुणी शिकवला नाही. माझी मी शिकले. त्यामुळे भावाचा परदेशातून फोन आला, "ताई, तिकीट मिळालं, तुमच्याकडच्या पहाटे तीनला निघतोय," आणि तेवढ्यात कटलाही, तरी मी डगमगले नाही. दोन्ही विमानतळांची नावं टाकली, उत्तर हजर! अंतर सहा हजार सातशे तीस किलोमीटर, वेळ आठ तास पन्नास मिनिटं. सामान, रस्ता धरून दुपारचे साडेबारा.

सकाळी हॉस्पिटलात बाबांना ठणकावून सांगितलं, "साडेबाराला पोरगा तुमच्यापुढे उभा!"

बाबा पस्तीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस. दुखणं असं, की चादर मुठीत धरून पिळायचे. नऊला सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, तर म्हणाले, "नको. झोपलो तर तो दिसायचा नाही. साडेबारानंतर."

"आजोबा, सोसेल का?"

"वेळ ठरलीय ना! मग सोसतं."

आमच्या ह्यांना विमानतळावर पिटाळलं आणि मी बातम्या देत बसले. "आता समुद्र ओलांडला! आता ढगांत!" जसं काही विमान मीच हाकत होते! बाबा घामाने निथळत मान हलवायचे. अकराला त्यांनी दाढी करून मागितली. हनुवटी थरथरत होती, म्हणून सिस्टरने धरून ठेवली.

बाराला ह्यांचा फोन. "अगं, बोर्डावर तिथलं विमानच नाही!"

"चष्मा लावा!"

"लावलाय! तिथून इथं थेट विमान येतच नाही म्हणतात. कधीच येत नव्हतं!"

पाठोपाठ भावाचा. "ताई, मधल्या विमानतळावर अडकलोय. दुसरं विमान उशिरा आहे. सातला पोचेन. बाबा थांबलेत ना गं?"

साडेबारा वाजले. बाबांनी दाराकडे पाहिलं.

"विमान वर घिरट्या घालतंय," मी म्हटलं. "उतरायला जागा नाही."

एक वाजला. "अजून घिरट्याच?"

"नाही, उतरलं... बॅग सापडत नाहीये त्याची."

त्यांनी ओठ इतका चावला, की रक्त आलं. "खरं बोल. मधले थांबे धरले होतेस?"

"नाही."

"मग वेळ कुठून आणलीस?"

"मोबाइलने दिली. दोन गावांत सरळ रेघ ओढून. बाबा, तो सातला येतोय."

बाबा हसले. हसण्यानेही कळ आली, तरी हसले. "गधडे! डेपोत असतीस तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा सिस्टरपुढे केला. "टोच बाई. सातपर्यंत नाही निभायचं."

पावणेदोनला गेले.

सातला भाऊ बॅगेसकट धावत आला. "ताई, किती उशीर झाला गं मला?"

पाच तास पंधरा मिनिटं! उत्तर अगदी ओठांवर होतं.

"थोडासाच," मी म्हटलं. "झोपेतच गेले बघ."

तुम्हाला कधी भेटला, तर तुम्हीही एवढंच सांगा. नऊच्या इंजेक्शनचं मात्र बोलू नका हं.