गल्ल्यावरची चार कोटींची फ्रेम

माणूस खुर्चीत टेकेपर्यंत मी त्याची किंमत काढतो! गांधीबागेत वीस वर्षं सीए म्हणून बसल्यावर एवढं यायलाच हवं. चपला बघतो, घड्याळ बघतो, आणि माझं बिल द्यायला किती टाळाटाळ करतो ते बघतो. जितकी टाळाटाळ जास्त, तितका माणूस मोठा!

म्हणून साड्यांचे ठोक व्यापारी चंपतराव पोराच्या, पियुषच्या, व्हिसासाठी मालमत्तेचा दाखला मागायला आले, तेव्हा मी तो हसतखेळत करून दिला. देणी वजा जाता चार कोटी बारा लाख!

चंपतराव त्या कागदाकडे बारशातल्या बाळाकडे बघावं तसे बघत राहिले. "साहेब, हा मी हाये?"

"तुम्हीच!"

"मले तं कधी सांगितलंच नाही कोणी!"

दुसऱ्या दिवशी दाखल्याची प्रत फ्रेममध्ये, गल्ल्याच्या वर! लक्ष्मीला थोडं डावीकडे सरकावं लागलं. मी थांबवायला हवं होतं. पण माझी सही रस्त्यावरून दिसत होती हो!

पाचशे नेणारे वर्गणीवाले एक्कावन्न हजार मागू लागले. चंपतराव हसून "बघू" म्हणत. बरं वाटत असावं त्यांना.

शनिवारी फोन आला. "साहेब, लवकर या! तुमच्या कागदानं मारलं मले!"

दुकानात त्यांची बहीण मायाताई, उमरेडच्या एसटीनं आलेली, बरोब्बर फ्रेमखाली बसली होती. नवरा बाबाराव इथल्याच दवाखान्यात, हृदयाची झडप निकामी. सोमवारी ऑपरेशन, पण आधी दोन लाख भरायचे.

"सुमंतभाऊ, हे खोटं हाये का?" तिनं वर बोट दाखवून मला विचारलं.

"छे! रुपया न् रुपया खरा!"

"मंग दोन लाख द्या म्हणा दादाले."

"ते नाहीत, ताई."

"मंग चार कोटी कुठी हायेत?"

"दुकानात आहेत, पण त्यावर भावांचा दावा चालू आहे. घरात आहेत, पण ते पियुषच्या फीसाठी बँकेत गहाण. बाकी या साड्यांत आणि गिऱ्हाइकांच्या उधारीत..."

"माहा नवरा थ्या साड्याईत नाही, भाऊ. दवाखान्यात पडून हाये."

चंपतरावांनी गल्ला उपडा केला. अकरा हजार निघाले. मग घाबरून गठ्ठाच बांधायला घेतला. "माया, या साठ साड्या ने वं! दवाखान्यातल्या बायाईले वीक!"

"दादा, मी नवरा वाचवाले आली, दुकान मांडाले नाही!"

शेवटी शेजारच्या व्यापाऱ्यांकडे उसने मागायचे ठरले. एरवी नुसत्या शब्दावर लाख इकडून तिकडे जातात या गल्लीत. पण फ्रेम सगळ्यांनी वाचलेली! तीन फोन, तिन्हीकडे एकच हसू: "चार कोटीवाले आमच्यापाशी मागून राहिले? काहून थट्टा करता, शेठ!"

चंपतराव फोन ठेवून खाली बसले. मायाताई उठली. पदराखालून हात काढला. दोन पाटल्या होत्या, लेकीच्या, अबोलीच्या, लग्नासाठी राखलेल्या.

"सराफा कोणीकडे हाये, भाऊ?"

मी सोबत गेलो. इतवारीत हातगाड्यांतून वाट काढताना तिनं विचारलं, "तुमची किती निघते हो मालमत्ता?"

"एक कोटी तीस लाख," मी म्हणालो, आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून भराभरा चालू लागलो. तिनं विचारलाच नाही. ते जास्त लागलं.

सराफानं पाटल्या घासल्या, तोलल्या, घट कापली. चहा यायच्या आत दोन लाख सात हजार तिच्या हातात! एवढ्या वर्षांत इतकी मोकळी मालमत्ता माझ्या टेबलावर आली नव्हती. तिनं नोटा पिशवीत तळाशी घातल्या.

"दादाले सांगजा, मी रागावली नाही. पण थे फ्रेम उतरव म्हणा. अजून कोणी आपलं माणूस येईन आशेनं."

निदान दवाखान्यापर्यंतच्या ऑटोचे पैसे तरी आपण द्यावे, असं मनाशी पक्कं केलं. ऑटोवाल्याला थांबवलं, तिला बसवलं.

"ऐंशी रुपये," तो म्हणाला.

"ऐंशी? काहून गा? साठ घे!" माझ्या तोंडून गेलं. सवय हो!

मायाताईनं पिशवीत हात घातला आणि त्या नोटांतली एक त्याला दिली.