व्हॅलेन्सियाहून आलेली मराठी

कतारमधल्या अल खोरची गार्गी देवस्थळी स्पॅनिश शिकायला व्हॅलेन्सियाला गेली आणि मराठी बोलत परत आली.

फुटबॉल विश्वचषकाचे वर्ष होते. साऱ्या कतारला पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारे स्वयंसेवक हवे होते, म्हणून नुकतीच शाळा संपलेल्या गार्गीला स्पेनमधल्या एका अभ्यासक्रमाला पाठवण्यात आले. राहणे पिलार नावाच्या निवृत्त परिचारिकेच्या घरी. परतताना तिला घ्यायला विमानतळावर तिचे वडील संजीव गेले.

"वेलकम होम, बेटा! हाउ वॉज द फ्लाइट?"

"आलात का एकदाचे? गाडी कुठे लावलीत? लांबच लावली असणार, तुमचं नेहमीचंच!"

संजीवने मागे वळून पाहिले. सुचित्रा, म्हणजे त्याची पत्नी, सोबत आलेली नव्हती.

संजीव नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात दुर्घटनांची मूळ कारणे शोधणारा अभियंता होता. एखादी झडप थेंबभर गळली तरी कारण सापडेपर्यंत तो कोणाला घरी जाऊ देत नसे. शिवाय तो मराठी मंडळाच्या शुक्रवारच्या मराठी वर्गाचा संस्थापक व एकमेव शिक्षक होता. नोकरीचा करार संपला की कतारमध्ये माणसाचे मागे फारसे काही उरत नाही. संजीवचा उरणार होता तो हा वर्ग. त्यात गार्गी आठ वर्षे पहिल्या रांगेत बसली होती. (प्रगती : "तुझे नाव काय?" या प्रश्नाला ती न अडखळता "माय नेम इज गार्गी" असे उत्तर देई. वर्गाच्या सरासरीपेक्षा हे बरेच वर होते.) आता सामने पाहायला मोठा पडदा लावण्यासाठी मंडळाला तोच हॉल हवा होता, आणि वर्ग ठेवावा की बंद करावा हे येत्या शुक्रवारच्या सभेत ठरणार होते. आठ वर्षांत संजीवला जे जमले नाही ते स्पेनमध्ये चार महिन्यांत झाले, हे सभेपुढे ठेवायचे तर कारण हाताशी हवे. त्याने रीतसर तपास सुरू केला.

पिलारबाई मूळच्या मराठी असण्याची शक्यता प्रथम तपासली. नव्हत्या.

व्हॅलेन्सियातल्या मराठी माणसांचा प्रभाव : तेथे श्रीपती नावाचा एक सातारकर सापडला. तो गार्गीला एकदा भेटला होता, परंतु समोरची मुलगी मराठी आहे हे कळताच तो इंग्रजीत बोलू लागला होता. बाद.

आईचे रोजचे फोन : सुचित्राची साक्ष घेण्यात आली.

"मी तिला काय विचारणार? डिड यू ईट, आर यू वेअरिंग द जॅकेट, एवढंच," ती म्हणाली. "आणि माझी कसली उलटतपासणी घेताय हो? प्रकल्प आहे का हा?"

बाद.

उरले शुक्रवारच्या वर्गाचे सावकाश होणारे परिणाम. हे गृहीतक संजीवला मनापासून आवडले, आणि म्हणूनच त्याने ते तपासले नाही. (शास्त्रात याला दोष म्हणतात, घरात विश्वास.)

खुद्द गार्गीला विचारण्याचे शेवटी, जेवताना सुचले. दुर्घटनेत सापडलेल्या व्यक्तीला सर्वांत शेवटी विचारायचे, ही प्रकल्पातली पद्धतच होती.

"पिलारमावशींचा एकच नियम होता, घरात इंग्रजी बंद," गार्गी म्हणाली. "स्पॅनिश येत नव्हतं. मग भूक लागल्यावर काय बोलणार? तोंडातून 'भूक लागली' असंच आलं. मलाच धक्का बसला."

"पण त्यांना कुठे मराठी कळतं?"

"काहीच नाही. पण मी अडखळले की त्या थांबायच्या, हातातलं काम ठेवून. तुम्ही नाही थांबत, बाबा. मी एक शब्द शोधत असले की तुम्ही अख्खं वाक्य इंग्रजीत देऊन टाकता."

"पण मग इतकी मराठी तू शिकलीस कुठे?"

"तुम्ही दोघं भांडता ना, तेव्हा."

सुचित्राने वाढता वाढता हात थांबवला. जोडप्याची मराठी दोन कामांसाठी राखीव होती : भांडण आणि मुलीपासून लपवायच्या गोष्टी. दोन्हींचा साठा गार्गीकडे अबाधित होता.

शुक्रवारी संजीवने सारा तपास सभेपुढे मांडला. सभासद हेलावले. सर्व मुलांना पाळीपाळीने पिलारबाईंकडे पाठवावे, वर्ग बंद करावा आणि हॉल पडद्यासाठी द्यावा, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सभा इंग्रजीत चालली, कारण मुले हजर होती व त्यांना समजणे आवश्यक होते.

इतिवृत्तात कारणाची नोंद संजीवने स्वतःच्या हाताने केली :

"मुलांना मराठी येते. त्यांच्याशी मराठीत बोलणारे घरात कोणी नाही. न बोलणाऱ्यांत मी आणि माझी पत्नीही समाविष्ट आहोत. इतर सर्व कारणे तपासून बाद केली आहेत. 'आमच्याकडे तसे नाही' हे कारण प्रत्येक वाचकाकडून येईल असे गृहीत धरून ते आधीच बाद केले आहे."