पंजा खाली, माल खाली

त्या रविवारी सकाळी पोहे संपवता संपवता नरहरी लांजेवारांनी जाहीर करून टाकलं, "आज बाण पिवळ्यात मारतो! मधोमध!"

"बाबा, तुम्ही धनुष्य हातात तरी धरलंय का कधी?" उत्कर्षानं विचारलं.

"नसंन धरलं! नजर पाह्य ना माही! पंधरा टनाचा माल सुतावर ठेवत होतो मी. हा त काडीएवढा बाण!"

उत्कर्षा कॉलेजात शिकवायची आणि वर्षभरापासून रुआबांध्याजवळच्या मैदानावर तिरंदाजी शिकत होती. आज क्लबमध्ये घरचं एक माणूस आणायचं होतं. त्या माणसानं तीन बाण मारायचे. फॉर्मवर पाहुण्याचा हुद्दा विचारला होता. तिनं लिहिलं, 'निवृत्त अधिकारी, स्टील प्लांट'. चौथीत असताना ऑफिसरांच्या बंगल्यांतल्या मैत्रिणींना तिनं हेच सांगितलं होतं. माणूस साठाव्या वर्षी रिटायर होतो, थाप होत नाही!

बाबा त्याच प्लांटच्या मिलमध्ये क्रेन ऑपरेटर होते. अठ्ठावीस वर्षं.

मैदानावर माईक घरघरला. "अब आ रहे हैं रिटायर्ड ऑफिसर, लांजेवार साहब!"

बाबांनी मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं.

"कोन साहेब वो?"

उत्कर्षा लक्ष्याकडं अशी टक लावून बघू लागली, जणू ते पळून जाणार होतं. बाबांना काय कळायचं ते कळलं. त्यांनी शर्ट खोचला. "बरं. साहेब त साहेब!" म्हणाले आणि साहेबासारखे, म्हणजे पोट पुढं काढून, रेषेवर जाऊन उभे राहिले.

रेषेवर बोलायला बंदी, खुणा तेवढ्या चालत. बाबांनी दोरी अशी काही खेचली की मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. उत्कर्षानं बाजूनं तळवा खाली दाबत खूण केली. सावकाश, बाबा, सावकाश.

बाबांनी धनुष्य खाली केलं. तिनं घाबरून पुन्हा तळवा दाबला. अजून खाली. सप्प! बाण दहा पावलांवर मातीत!

दुसऱ्या बाणाला तिनं दोन्ही तळव्यांनी विनवलं. दोन्ही! बाबांनी डोळे विस्फारले, धनुष्य पार खाली नेलं आणि बाण स्वतःच्याच बुटापासून चार बोटांवर रोवला. अंगणात मिरचीचं रोप लावावं तसा!

कोच भूषण सर शिट्टी फुंकत धावले. "अंकल, नीचे क्यों मार रहे हो?"

"मैं कहाँ मार रहा! सिग्नलच नीचे का है!" बाबा भडकले. "अट्ठाईस साल क्रेन चलाई है मैंने! पंजा नीचे मतलब माल नीचे!"

माईकवाल्यानं हातातला फॉर्म पुन्हा वाचला. उत्कर्षाचे कान तापले. एकच वाक्य बोलायचं होतं तिला. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसकण मारून राहिलं.

बाबांनी तिच्याकडं एकदा पाहिलं.

"चलाई मतलब..." ते खाकरले, "चलवाई है! अपने लोगों से. ऑफिसर लोग कहाँ खुद चलाते हैं!"

सगळे हसले. तीही हसली. मग तिसऱ्या बाणाला तिनं सरळ क्रेनच्याच खुणा केल्या. लहानपणी जेवताना वरणाचं भांडं सरकवायला बाबांनीच शिकवलेल्या. बोट वर, उचला! अंगठा उजवीकडं, सरका! मूठ, थांबा! पण मूठ वळायला अंमळ उशीर झाला. बाण सुटला तो थेट पिवळ्यात. मधोमध! शेजारच्या लक्ष्याच्या!

"झीरो," भूषण सर म्हणाले.

"पीले में लगा ना?"

"अंकल, टारगेट दूसरे का है!"

"असू दे ना बापा! पिवळा त पिवळाच!"

परतताना स्कूटरवर मागं बसून बाबांनी तिच्या हेल्मेटवर टकटक केलं. "साहेबाले भजे खाऊ घालतं का वो?"

तिनं गाडी थांबवली. भजी खाल्ली, वर चहा झाला. फॉर्मबद्दल बाबांनी एक शब्द विचारला नाही. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

सोमवारी चहा पार गार झाला, तरी बाबा उठले नाहीत.

आठवड्यानं भूषण सर घरी सांत्वनाला आले. शेजारपाजारचे बसले होते. सरांनी हळूच विचारलं, "साहब कौन से डिपार्टमेंट में ऑफिसर थे?"

"मिलमंदी होते ना," आई सवयीनं म्हणाली. लेकीची थाप सांभाळायची घरात सगळ्यांनाच सवय होती.

"ऑफिसर नहीं थे, सर," उत्कर्षा म्हणाली. "फॉर्म में मैंने झूठ लिखा था."

सरांनी घटाघटा पाणी पिऊन टाकलं, मग रिकामा पेलाही एकदा पिऊन पाहिला. पण उत्कर्षा आता त्यांच्याशी बोलतच नव्हती. हिंदीत सांगून तिचं भागलं नव्हतं. भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "माहे बाबा क्रेन चालवत होते!"